चाळीस रुपयांत किती बेत?

चल, कुरखेड्याच्या आठवडी बाजारात! खिशात ४० रुपये आहेत. समज, बोरांचा पुडा ५ रुपयांना आणि भाजलेल्या फल्लीचा १० रुपयांना. काय काय घेशील?

नुसती बोरं घेतलीस तर ८ पुडे. नुसती फल्ली घेतलीस तर ४. आणि दोन्ही थोडं थोडं? मग बेतच बेत! शिवाय सगळे पैसे उडवलेच पाहिजेत, असं थोडंच आहे?

बोरांचे पुडे ब, फल्लीचे पुडे फ. आता बाजाराची अट लिहू: ५ब + १०फ ≤ ४०. म्हणजे खर्च फार तर ४०, कमी झाला तरी चालेल. हिचं नाव रेषीय असमानता. नाव भारदस्त, काम सोपं!

चौकटीची वही उघड. बोरं आडवी मोज, फल्ली उभी. आडव्या अक्षावर ८ पाशी ठिपका दे, उभ्या अक्षावर ४ पाशी. पट्टी लाव आणि रेघ ओढ. या रेघेवर खर्च बरोब्बर ४०!

पण परवडणारे बेत रेघेच्या कुठल्या बाजूला? एकेक ठिपका तपासत बसायचं? छे! एकच तपास. ० बोरं, ० फल्ली. खर्च ०. परवडतं की! झालं, शून्य ज्या बाजूला, ती अख्खी बाजू आपली. रंगवून टाक!

काय? एका ठिपक्यावरून अख्ख्या बाजूचा निकाल? हो! कुरखेड्याहून कोरचीला जाताना सती नदी लागते. ती ओलांडल्याशिवाय पलीकडे पोचता येत नाही. तसंच इथे. खर्च ४० च्या खालून वर जायचा, तर वाटेत कुठेतरी बरोब्बर ४० व्हायलाच हवा. आणि बरोब्बर ४० फक्त रेघेवर! नदीला निदान उगमापाशी वळसा घालता येतो. रेघ मात्र दोन्हीकडे न संपणारी. सुटकाच नाही!

आता परवडणारे बेत मोजू. अर्धा पुडा कुणी देत नाही, उणे दोन पुडे तर नाहीच नाही. म्हणून पूर्ण आकड्यांचेच ठिपके घे. फल्ली घेतलीच नाही, तर ९ बेत. एक पुडा घेतला, तर ७. मग ५, मग ३, मग १. बेरीज २५!

२५ म्हणजे ५ चा वर्ग! १ पासून विषम संख्या ओळीने मिळवत गेलं, की दरवेळी वर्गच हाती येतो: १, ४, ९, १६, २५. बोरांच्या हिशोबात हे पाहुणे कुठून आले बरं!

तेवढ्यात आजी म्हणते, “थोडे तरी पैसे उरव.” झालं! ≤ चं < झालं. रेघेवरचे ५ बेत बाद, उरले २०. अशी रेघ तुटक काढतात. (हे < चिन्ह थॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात १६३१ साली छापलं गेलं. दुर्बिणीतून चंद्र बघून १६०९ मध्ये त्याचं चित्र काढणारा हाच पठ्ठ्या!)

आजीला मनवलंस? छान, परत २५. पण पिशवीत ५ च पुडे मावतात! म्हणजे ब + फ ≤ ५. ओढ दुसरी रेघ. दोन्ही रेघा भेटतात तिथे बोरांचे २ आणि फल्लीचे ३ पुडे. पैसे संपले, पिशवीही भरली! दोन्ही अटींत बसणारे ठिपके मोज बरं. माझे १९ आले. तुझे?