आठवणींची स्रोतनिश्चिती

व्याख्या

एखादी गोष्ट आठवणे आणि ती कोठून कळली हे आठवणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माहिती वाचलेली, ऐकलेली, प्रत्यक्ष पाहिलेली की केवळ कल्पिलेली, हे ठरवण्याच्या मनोव्यापाराला स्रोतनिश्चिती म्हणता येईल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तिची सविस्तर मांडणी केली.

कार्यपद्धती

या मांडणीनुसार आठवणीसोबत स्रोताची तयार नोंद सहसा नसते. आठवणीच्या गुणधर्मांवरून मन स्रोत ठरवते. प्रत्यक्ष अनुभवात रंग, आवाज, स्थळ, काळ यांचे तपशील अधिक असतात. कल्पनेत विचारप्रयत्नांच्या खुणा अधिक असतात. हा निवाडा बहुधा नकळत होतो. शंका आली तरच जाणीवपूर्वक तर्क केला जातो. तपशिलांची सांगड घालण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा, तर त्यांची पारख करण्यात ललाटखंडाचा मोठा वाटा असतो. म्हणूनच ललाटखंडाला इजा झालेल्या काही रुग्णांना माहिती आठवते, पण तिचा स्रोत सांगता येत नाही.

गफलतीचे प्रकार

कधी आठवण खरी असते, स्रोत चुकतो. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांना एका पीडितेने हल्लेखोर म्हणून ओळखले. प्रत्यक्षात हल्ल्याच्या वेळी ते दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात होते आणि पीडितेने त्यांना पडद्यावर पाहिले होते. कधी जुनी आठवण नवी कल्पना भासते. अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी बालपणी लिहिलेली एक कथा लेखिका मार्गारेट कॅन्बी यांच्या कथेशी विलक्षण जुळली आणि 1892 मध्ये केलर यांची चौकशी झाली. कॅन्बी यांची कथा केलर यांना पूर्वी हातावरील स्पर्शलिपीतून ऐकवली गेली होती; कथा मनात राहिली, तिचा उगम पुसला गेला.

उपयोग

न्यायदानात हा भेद कळीचा ठरतो. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या कलम 60 नुसार, पाहण्याजोग्या घटनेची तोंडी साक्ष ती स्वतः पाहिलेल्या व्यक्तीचीच असावी लागे. साक्षीदारांचे जबाब स्वतंत्रपणे नोंदवण्यामागेही हेच तत्त्व आहे: एकाने सांगितलेले दुसऱ्याला स्वतः पाहिल्यासारखे वाटू लागते.

मर्यादा

आठवणीचा ठसठशीतपणा किंवा सांगणाऱ्याचा आत्मविश्वास हा स्रोताचा पुरावा नव्हे. वारंवार कल्पिलेल्या प्रसंगालाही तपशील चिकटतात. आशयाच्या मानाने स्रोताचे विस्मरण लवकर होते, त्यामुळे अविश्वसनीय ठिकाणी वाचलेले विधान कालांतराने विश्वासार्ह वाटू शकते. माहिती मिळताच तिचा स्रोत आणि दिनांक लिहून ठेवणे हाच त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.