सतारीच्या गल्लीतला विद्यार्थी

आम्ही दोघेही शिक्षक. साताऱ्याहून बदली होऊन सांगली जिल्ह्यात यायचे ठरले तेव्हा नातेवाईक म्हणाले, "नाट्यपंढरीत चाललात!" खरेच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणले. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगली ती आठवण जपते.

पण कलेचे गाव म्हणजे काय, हे आम्हाला शेजारच्या मिरजेत कळले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी याच गावात घर केले. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला. ख्वाजा शमना मीरां यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात नामवंत गवई तिथे हजेरी लावतात आणि सगळ्या जातिधर्मांचे लोक मांडीला मांडी लावून ऐकतात.

इथल्या सतारमेकर गल्लीत वाद्ये घडतात. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांचे काम घटले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. पंढरपूरकडचा कडू भोपळा वाळवून कापायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची, नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा. शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसीने इतका हलका घासायचा की तार बोलू लागते. तिथे मोजपट्टी चालत नाही, कानच लागतो.

आमच्या वर्गातला एक मुलगा नेहमी हात पाठीमागे लपवायचा. बोटांना पॉलिशचे डाग. स्वच्छतेवरून आम्हीच त्याला चारदा बोललो होतो. एकदा त्याच्या घरी गेलो, तर तो वडिलांशेजारी बसून तार छेडत होता. "अब्बा, अजून जरा," तो म्हणाला. वडिलांनी पुन्हा एकदा कानस फिरवली आणि स्वर खुलला. आमची मान खाली गेली.

त्याचे वडील म्हणाले, "गुरुजी, याला नोकरीचं बघा. एका सतारीमागं किती दिवस जातात, आणि हातात काय उरतं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण मानांकनाने चूल पेटत नाही. कारागिराला योग्य दाम मिळाला, तरच मुलगा त्या पाटावर बसेल.

त्या मुलाने शिकावे, खूप शिकावे. मात्र वडिलांच्या कामाची लाज वाटून त्याने ते सोडू नये. म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच्या अब्बांना वर्गात बोलावले. ते भोपळा आणि कानस घेऊन आले. मुलांनी इतके प्रश्न विचारले की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

त्या दिवशी तो पहिल्याच बाकावर बसला होता. हात पुढे, बाकावर.