व्रत देवीचे, ताट साबुदाण्याचे

अश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की नागपुरातील घराघरांची दिनचर्या पालटते. पहाटे आग्याराम देवीच्या दर्शनाला भाविक निघतात, रात्री कोराडीच्या वाटेने अनवाणी पावले चालू लागतात, आणि स्वयंपाकघरात कणकेचा डबा मागे सरून साबुदाणा, भगर, शेंगदाणे व शिंगाड्याचे पीठ पुढे येते. या नऊ दिवसांचे माहात्म्य आमच्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. आज सांगावयाचे आहे ते या ताटाविषयी आणि त्या पावलांविषयी.

कारण असे की, उपवास करणाऱ्या घरांत आता साखरेच्या विकाराचे कोणी नाही, असे घर शोधावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आपल्या देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख आहेत. उंबरठ्यावरच्या या मंडळींना बहुधा काहीच होत नसते. म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिणे अगत्याचे वाटते.

अन्नातील पिष्टाची रक्तात साखर होते. ती पेशींच्या आत पोहोचावी म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा स्राव सोडते. इन्शुलिनने दारावर थाप द्यावी, स्नायूने दार उघडून साखर आत घ्यावी, असा हा व्यवहार. परंतु पोटात, विशेषतः यकृतात, चरबी साठत गेली आणि स्नायूंना काम उरले नाही, म्हणजे आतली माणसे जणू बहिरी होतात. एका थापेने उघडणाऱ्या दारावर चार थापा द्याव्या लागतात. बिचारे स्वादुपिंड चौपट राबते, आणि तोवर रक्ततपासणीत साखर ठीकच दिसते. या अवस्थेला इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. ती कित्येक वर्षे मुकाट चालते. एके दिवशी स्वादुपिंड थकते, मग साखर वाढल्याचे कळते, आणि आपण म्हणतो, ‘अचानक निघाली हो!’ अचानक काही निघालेले नसते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरांच्या पुढे गेला, मानेवर काळसर मखमली पट्टा उमटला, की ती थाप ऐकू येऊ लागली असे समजावे. मानेचा तो पट्टा मळ समजून घासत बसणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

‘आम्ही कुठे लठ्ठ आहोत?’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व अर्भके यांचा अभ्यास मांडला. आपली बाळे वजनाने हलकी, पण चरबीच्या बाबतीत तितकी हलकी नाहीत, असे त्यातून दिसले. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! संशोधकाने स्वतःलाच पुराव्यादाखल उभे करावे, याचे आम्हांस कौतुक वाटते. हडकुळा माणूसही आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला पटवले.

आपल्या प्राचीन वैद्यांना ही गोष्ट निराळ्या शब्दांत ठाऊक होती. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना बैठकीचे सुख आणि झोपेचे सुख यांना अग्रस्थान दिले, आणि त्यांच्या पंक्तीला दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ बसवले. सुश्रुताचार्यांचा उपाय तर वाचण्याजोगा आहे. रोगी निर्धन असेल तर त्याने पादत्राण व छत्री टाकावी, भिक्षा मागून खावे, एका गावी एकच रात्र राहावे, आणि मुनीसारखे मन आवरून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे. रोगी धनवान असेल तर त्याने सावा व देवभात यांवर राहावे, आवळा-कवठासारखी फळे खावीत. आपल्या उपवासाची भगर या सावा-वरईच्या कुळातलीच. तेव्हा कोराडीच्या वाटेवर चालणारा आणि घरी मोजकी भगर खाणारा भाविक नकळत सुश्रुताची चिकित्साच पाळत असतो, असे म्हणावयास हरकत नाही. चालणारा स्नायू इन्शुलिनच्या थापेची वाट न पाहता स्वतःच दार उघडतो, हे आधुनिक शास्त्राचे म्हणणेही त्याला पोषकच आहे.

मग बिघडते कोठे? ताटात. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचे निव्वळ पिष्ट होय. त्यात प्रथिने व तंतू जवळजवळ नाहीतच. तो पोटात गेला की रक्तातील साखर झपाट्याने चढते. गंमत अशी की, हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील, आणि साबुदाण्याचे कारखाने मुख्यतः तामिळनाडूत सेलमच्या आसपास. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची हीदेखील सारी अमेरिका खंडातून आलेली पाहुणी मंडळी. आपल्या ऋषींनी यांतले एकही चाखले नव्हते. ते उपवासाला चालतात आणि आपली ज्वारी चालत नाही, हा रूढीचा न्याय आहे. त्याच्याशी आम्ही भांडत नाही. पण त्याला शास्त्राज्ञाही समजत नाही. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी साबुदाणेवडे आणि मधून मधून ‘उपवासाला चालतो’ म्हणून साखरेचा चहा, असे नऊ दिवस गेले तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कोणासाठी झाली ते कळते.

धर्मशास्त्रात एकभुक्त आहे, म्हणजे दिवसातून एकदाच भोजन. नक्त आहे, म्हणजे केवळ रात्रीचे. कित्येक घरांत नवरात्रात धान्यफराळाचीही चाल आहे. धान्य भाजून घेतले की ते फराळात चालते. ज्यांच्या घरी ही चाल असेल त्यांनी ती आवर्जून पाळावी. इतरांनी साबुदाण्याची जागा भगरीला द्यावी, तीही वाटीभरच, आणि तिच्या जोडीला दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी घ्यावी. प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू संगतीला असले म्हणजे साखर सावकाश चढते. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांतला शिंगाडा उकडून मूठभर खावा. त्याच्या पिठाचा साखर घातलेला शिरा मात्र साबुदाण्याचाच धाकटा भाऊ समजावा. जेवण झाल्यावर आरतीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे फिरून यावे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ आहार व चालण्याचा नेम सांभाळल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी उतरला. औषध घेणाऱ्या गटाला यापेक्षा अधिक लाभ झाला नाही.

येथवर जे लिहिले ते उंबरठ्यावरच्यांसाठी. जे इन्शुलिन टोचून घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांची गोष्ट वेगळी. जेवण टाळून औषध चालू ठेवले तर साखर धोकादायक उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. साखर ७० च्या खाली गेली तर तत्काळ साखर-पाणी घ्यावे. तेवढ्याने देवी कोपणार नाही. नवरात्राच्या आधीच डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. निर्जळी उपवास तर अशांनी करूच नये. चरकाचार्यांनीही प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले, स्थूल व बलवान एक, कृश व दुर्बल दुसरा, आणि दुसऱ्याला लंघन न देता पोषण द्यावे असे म्हटले.

आणि अनवाणी चालण्याविषयी एक कौटुंबिक गोष्ट. आमच्या एक मावशी चाळीस वर्षे कोराडीला पायी जात. साखरेचा विकार जडून बारा वर्षे झाली होती, पण नेम सुटला नव्हता. एका अष्टमीला त्या परतल्या. पायात काच रुतली होती, ती तीन दिवसांनी मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळली. दुखले नाही म्हणून कळले नाही. पायाची संवेदना आधीच गेली होती. जखम भरावयास पाच महिने लागले आणि करंगळी गमवावी लागली. सुश्रुतांनी पादत्राण टाकावयास सांगितले खरे, पण ज्याच्या तळव्यांना काटा कळत नाही त्याने ते टाकू नये, हे आम्हांस मावशींच्या पायाने शिकवले.

मावशी अजूनही जातात. पायांत मऊ तळाचे बंद बूट असतात, ते देवळाच्या पायरीशी काढतात, जाड पांढरे मोजे तसेच ठेवतात, आणि घरी आल्यावर नातवापुढे दोन्ही तळवे धरून म्हणतात, ‘बघ रे, काही रुतले का?’