वृद्ध व अपंग यांस वाट दाखविणारीं केंद्रें

घरांतील एखादें वृद्ध माणूस पाय घसरून पडलें, खुब्याचें हाड मोडलें, आणि कांहीं दिवसांनीं दवाखान्यांतून 'आतां यांना घरीं न्या' असें सांगण्यांत आलें, म्हणजे त्या घरावर कसा प्रसंग ओढवतो हें आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. आजोबांना उचलणार कोण, आंघोळ घालणार कोण, पैसा आणावयाचा कोठून, असे प्रश्न एकाच दिवशीं पुढें उभे राहतात. आणि त्यांचीं उत्तरें ज्यांस ठाऊक असतात तीं माणसें कोणत्या कचेरींत बसतात, हेंच नेमकें कोणास ठाऊक नसतें. आम्ही एकदां शेजारच्या एका वृद्ध बाईंबरोबर अपंगत्वाच्या दाखल्यासाठीं हिंडलों. पहिल्या कचेरीनें दुसरीकडे धाडलें, दुसरीनें दवाखान्यांत, आणि दवाखान्यांत त्या कामाचा वार आठवड्यांतून एकच असल्याचें कळलें. तो आदल्याच दिवशीं होऊन गेला होता. उद्धटपणें कोणी बोललें नाहीं. प्रत्येकानें आपल्यापुरतें खरेंच सांगितलें. पण बाईंचे दुखरे गुडघे त्या दिवशीं चार जिने चढले.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असें समजूं नये. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतहि ती होती, आणि तिच्यावर तेथील विस्कॉन्सिन राज्यानें जो उपाय योजिला तो समजून घेण्याजोगा आहे. हें राज्य मिशिगन सरोवराच्या काठीं असून दूधदुभत्यासाठीं प्रसिद्ध आहे. मॅडिसन ही त्याची राजधानी व मिल्वॉकी हें सर्वांत मोठें शहर. राज्याचे ७२ भाग केलेले आहेत. त्यांस काउंटी म्हणतात. आपल्या जिल्ह्यासारखाच तो विभाग, मात्र वस्ती बहुधा पुष्कळ कमी.

मूळ अडचण कोठें होती तें आधीं पाहूं. अमेरिकेंत १९६५ सालीं मेडिकेअर व मेडिकेड या दोन मोठ्या योजना निघाल्या. पहिली पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीं. पुढें १९७२ च्या कायद्यानें कांहीं अपंगांचाहि तींत समावेश झाला. तिच्यांतून डॉक्टरचा व इस्पितळाचा खर्च भागतो. परंतु रोज सकाळीं कोणी येऊन अंथरुणांतून उठवावें, कपडे घालावे, घांस भरवावा, असें वर्षानुवर्षें चालणारें साहाय्य तींत सहसा बसत नाहीं. दुसरी योजना गरिबांची. तिचा खर्च मध्यवर्ती सरकार व राज्य मिळून करितात. तींत शुश्रूषागृहांत ठेवण्याचा खर्च देणें राज्यांस बंधनकारक होतें, घरीं साहाय्य देणें मात्र नव्हतें. १९८१ पासून राज्यांस खास परवानगी घेऊन तसें साहाय्य देतां येऊं लागलें. पण जागा मोजक्या, आणि नांवें लावून वाट पाहणारांची रांग लांब. याचा परिणाम काय झाला? दोन तासांची मदत मिळाली असती तर जें माणूस आपल्या घरीं, आपल्या खिडकीपाशीं बसून दिवस काढूं शकलें असतें, तें शुश्रूषागृहांत जाऊन पडूं लागलें. कारण पैसा तेथेंच मिळत होता.

अपंगांची स्थिति याहून बिकट असे. जॉर्जिया राज्यांतील लोइस कर्टिस व इलेन विल्सन या दोन स्त्रिया सरकारी मनोरुग्णालयांत होत्या. या आतां बाहेर, लोकांत राहूं शकतील, असें त्यांच्यावर उपचार करणारांनींच सांगितलें होतें. तरी बाहेर सोय नाहीं म्हणून त्यांस आंतच ठेवण्यांत आलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि जून १९९९ मध्यें निकाल लागला कीं, कारण नसतां अपंगांस असें वेगळें ठेवणें हा १९९० च्या अपंगांविषयींच्या कायद्यान्वयें भेदभाव होय. लोइस कर्टिस पुढें चित्रें काढूं लागल्या, आणि २०११ सालीं आपलें एक चित्र त्यांनीं राष्ट्राध्यक्ष ओबामा यांस स्वतः नेऊन दिलें. आम्हांस निकालाइतकीच ही गोष्टहि सांगावीशी वाटते.

विस्कॉन्सिननें मात्र या निकालाच्या आधींच, १९९८ पासून, थोड्या काउंट्यांत नवीं केंद्रें उघडून पाहिलीं होतीं. 'वृद्ध व अपंग यांचें साधन-केंद्र' असा त्यांच्या नांवाचा अर्थ. आज राज्यांतील प्रत्येक काउंटीस असें केंद्र आहे. कोठें एका काउंटीचें स्वतंत्र, कोठें तीन-चारांचें मिळून. मध्यवर्ती सरकारास हा प्रयोग पसंत पडला, व २००३ मध्यें त्यानें बारा राज्यांस अशीं केंद्रें काढण्यासाठीं द्रव्यसाहाय्य दिलें. पुढें इतर राज्यांतहि तीं पसरलीं.

तेथें काम कसें चालतें? समजा, शेतावरच्या घरांत एकटी राहणारी ब्याऐंशी वर्षांची एक विधवा आहे, आणि तिची मुलगी दूरच्या शहरीं नोकरी करिते. मुलगी केंद्रास टेलिफोन करिते. उत्पन्न किती, हें कोणी आधीं विचारीत नाहीं. श्रीमंत असो वा गरीब, सल्ला सर्वांस फुकट. मग केंद्राचा माणूस म्हातारीच्या घरीं येतो व तिच्याशींच बोलतो. घरीं राहावयाचें कीं दुसरीकडे, काय हवें, कशाची भीति वाटते, हें तिच्याच तोंडून ऐकतो. सरकारी खर्चानें साहाय्य हवें असेल तर तो एक ठराविक तपासणी करितो. आंघोळ, कपडे, जेवण, घरांतल्या घरांत चालणें, शौचास जाणें, अंथरुणावरून खुर्चीवर येणें, यांपैकीं स्वतःस काय जमतें? स्वयंपाक, औषधें, पैशाचा हिशेब, टेलिफोन, यांचें काय? प्रश्न साधे दिसतात. पण त्यांवरच पुढचें पुष्कळ ठरतें, म्हणून विचारणारास त्याचें रीतसर शिक्षण घ्यावें लागतें. उत्पन्नाची चौकशी वेगळी कचेरी करिते.

ती पात्र ठरली तर तिच्यापुढें दोन मुख्य वाटा असतात. एक, २००० सालीं सुरू झालेली 'फॅमिली केअर' योजना. तींत एका संस्थेस दर माणसामागें ठराविक मासिक रक्कम मिळते, आणि तिच्याकडील परिचारिका व समाजसेवक सर्व व्यवस्था लावितात. दुसरी, २००८ पासूनची 'आयरिस'. तींत वर्षाचा खर्च ठरवून दिला जातो, आणि आपला मदतनीस आपणच निवडावयाचा. तो नात्यांतला असला तरी चालतो. कोणती वाट बरी, हें केंद्र ठरवीत नाहीं. दोहोंतील फरक तेवढा सांगतें. येथें एक मर्म आहे. साहाय्य पुरवून पैसे घेणारी संस्था आणि हा सल्ला देणारें केंद्र हीं एक असूं नयेत, असा दंडक आहे. दुकानदारासच माल निवडावयास सांगितलें तर तो कोणता निवडील, हें सांगावयास नको.

केंद्रांत आणखी दोन प्रकारचे जाणकार असतात. एक साठ वर्षांवरील लोकांसाठीं, दुसरे अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या अपंगांसाठीं. पेन्शनीचा अर्ज फेटाळला गेला, विम्याचें पत्र समजलें नाहीं, अपील करावयाचें आहे, अशा कामीं ते विनामूल्य साहाय्य करितात. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबांसाठीं २०१३ पासून निराळे तज्ज्ञ नेमण्यास आरंभ झाला. आणि आमच्या वाचकांच्या वयाच्या अपंग मुलामुलींचाहि केंद्राशीं संबंध येतो. अठरावें वर्ष लागलें कीं मुलांसाठींच्या योजना संपून प्रौढांच्या सुरू होतात. मध्यें खंड पडूं नये म्हणून केंद्राचीं माणसें आधींच शाळा व घर यांशीं बोलूं लागतात.

या केंद्रांनीं सर्व दुःख सरलें असें मात्र नाहीं. वाट दाखविणें निराळें आणि वाटेवर माणसें असणें निराळें. घरोघर जाऊन शुश्रूषा करणारांचा तेथें मोठा तुटवडा आहे. काम जड, वेतन थोडें. मंजुरी हातीं असूनहि सकाळीं येणारें कोणी मिळत नाहीं, अशी तक्रार खेड्यापाड्यांतून ऐकूं येते, आणि तिच्यावर केंद्राकडेहि उपाय नाहीं.

आपल्याकडे सर्व प्रश्नांस एकच दार अद्याप झालें नसलें, तरी कांहीं दारें आहेत. २००७ च्या कायद्यानें, मुलें सांभाळीत नसल्यास आईबापांस प्रांताधिकाऱ्यापुढें पोटगीचा अर्ज करितां येतो. २०१६ च्या कायद्यांत अपंगत्वाचे २१ प्रकार गणले आहेत. पुष्कळ जिल्ह्यांत अपंग पुनर्वसन केंद्रें आहेत. आणि २०२१ पासून वृद्धांसाठीं १४५६७ हा टेलिफोन साऱ्या देशांत चालूं झाला आहे. त्यास पैसे पडत नाहींत, आणि सकाळीं ८ पासून रात्रीं ८ पर्यंत तेथें माहिती व सल्ला मिळतो. आजोबांच्या खाटेजवळच्या भिंतीवर हा आंकडा ठळक अक्षरांत लिहून लावणें, हें पांचवींतल्या मुलासहि जमण्यासारखें काम आहे.