पायांची पन्नास वर्षं

आता तालुक्याच्या गावातही कराटे-किकबॉक्सिंगचे वर्ग चालतात. पाठीवर ग्लोव्ह्ज लटकवून सायकलवरून जाणारी पोट्टी दिसली तर आर्वीत कुणी मान वळवून बघत नाही. पण गेल्या पन्नासेक वर्षांचा मागोवा घ्यायला बसलो की माझं लक्ष ठोशा-लाथांवर कमी आणि पायांवर जास्त जातं. उभं कसं राहायचं, सरकायचं कधी, समोरच्याच्या टप्प्यात शिरायचं कधी आणि बाहेर पडायचं कधी, हे शिक्षण आपल्याकडे होतं. या काळात ते आधी मागे पडलं आणि पुढे नियमांच्या आणि पराभवांच्या रेट्याने हळूहळू परत आलं.

होतं म्हणजे कुठे होतं? लांब जायला नको. आर्वीहून कौंडण्यपूरजवळ वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. अमरावतीत वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंत यांनी, १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाचं पथक तिथे गेलं आणि कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. त्याच सुमारास बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश निघू लागला होता. देशी व्यायाम कागदावर नीट मांडून ठेवावा, एवढी आस्था तेव्हा या विषयाबद्दल होती.

जुन्या आखाड्यात पोराच्या हातात लाठी लगेच पडत नसे. आधी पवित्रे. हात कमरेवर, गुडघे थोडे वाकलेले, पुढचा पाय सरकला की मागचा त्याच्यामागे तेवढाच सरकणार. मग वळण, मग उडी, मग चारी दिशांना तोंड करून तेच सगळं पुन्हा. पोरं कंटाळत. पण त्यामागचा हिशेब पक्का होता. फिरत्या लाठीचा सगळा वेग तिच्या टोकाला असतो, मुठीजवळ जवळपास काही नसतो. म्हणून लाठीवाल्यासमोर दोनच जागा सुरक्षित: एक टोकाच्या वीतभर बाहेर, दुसरी थेट त्याच्या छातीशी. मधे घुटमळला त्याचं डोकं फुटलं. फटका निघून गेला की आत शिरायचं आणि पुढचा निघायच्या आत बाहेर यायचं, हे काम हाताचं नाही, पायांचं आहे. आज किकबॉक्सिंगमध्ये गोल लाथेबद्दल हेच शिकवतात. नडगी आणि पाऊल लागलं तर माणूस बसतो. आत सरकून मांडी अंगावर घेतली तर धक्क्यापलीकडे फारसं काही होत नाही.

पुढे हा हिशेब मागे पडत गेला. आखाडे पूर्ण बंद पडले असं नाही. गणपतीच्या आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत लाठ्या फिरतच राहिल्या. मात्र त्या फिरल्या बघणाऱ्यांसाठी. समोर मारणारा नसला की अंतर राखायची गरज उरत नाही, आणि गरज उरली नाही की पवित्र्याचं नुसतं नाचणं होतं.

ही जागा सत्तर-ऐंशीच्या दशकात कराटेने घेतली. ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ चा. तो गावोगावच्या टॉकीजपर्यंत पोचला आणि पोरांनी त्यातून दोनच गोष्टी उचलल्या: आरोळी आणि नानचाकू. दोन दांडकी, मधे सायकलच्या चेनचा तुकडा, झाला नानचाकू. कित्येकांनी त्याने स्वतःचंच कोपर सुजवून घेतलं. ब्रूस लीचे पाय मात्र कुणी पाहिले नाहीत. त्याची उभं राहायची पद्धत, जोराचा हात पुढे, मागची टाच उचललेली, एका झेपेत अंतर कापणं, यातलं बरंच पाश्चात्त्य तलवारबाजीतून आलेलं होतं. त्याचा थोरला भाऊ पीटर फेन्सिंग करायचा.

कराटेच्या वर्गांत पोरं रांगेत उभी राहायची. जपानी आकडे मोजत: इची, नी, सान. खोल बैठक, मूठ कमरेशी, एक पाऊल पुढे आणि ठोसा. समोर कुणीच नाही. याचा दोष मी कराटेला देत नाही. जपानी गुरूंनी दोन माणसांमधल्या अंतराचा जितका बारीक विचार केला आहे तितका फार थोड्यांनी केला असेल. पण शाळेच्या पटांगणात एक शिक्षक आणि पन्नास पोरं असली की सर्वांत सोपं काम म्हणजे रांग लावणं. पट्ट्याचे रंग बदलत गेले, पाय तिथल्या तिथे राहिले.

गंमत अशी की नेमक्या त्याच वर्षांत, तिकडे परदेशात, कराटेवाल्यांच्याच पायांची कसून परीक्षा चालली होती. १४ सप्टेंबर १९७४ ला लॉस एंजेलिसमध्ये व्यावसायिक फुल कॉन्टॅक्ट कराटेच्या पहिल्या जागतिक लढती झाल्या. लाथ किंवा ठोसा अंगापाशी आणून थांबवायचा नाही, खरोखर मारायचा. चार विजेत्यांतला एक बिल वॉलेस. ज्युदोत उजवा गुडघा दुखावल्यामुळे तो लाथा मारायचा फक्त डाव्या पायाने. पूर्ण आडवा उभा राहायचा, डावा पाय पुढे, आणि तोच पाय समोरच्याला एका ठरावीक अंतराच्या आत येऊ द्यायचा नाही. कोणता पाय येणार हे सगळ्यांना माहीत असूनही त्या खेळात त्याला कुणी हरवू शकलं नाही. माझ्या मते टप्पा राखण्याचं त्याहून चांगलं उदाहरण किकबॉक्सिंगच्या इतिहासात नाही.

१९७६ साली टोकियोत मुहम्मद अली विरुद्ध अंतोनियो इनोकी ही विचित्र लढत झाली. इनोकी जपानी कुस्तीगीर. घंटा होताच तो जमिनीवर पाठ टेकायचा आणि अलीच्या मांड्या-नडग्यांवर लाथा हाणायचा. पंधरा फेऱ्या हेच चाललं. अलीला जेमतेम काही ठोसे मारता आले, लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले. लोक तिला तमाशा म्हणतात. मला ती धड्यासारखी वाटते. जगातली सर्वांत चपळ पावलं ज्याच्याकडे होती, तो आपल्या हाताच्या टप्प्यात कुणी येतच नाही म्हटल्यावर हतबल झाला, कारण पडलेल्या माणसाचा पाय उभ्या माणसाच्या हातापेक्षा लांब पोचतो.

खरा निकाल लागला तो १९८८ मध्ये, लास वेगासला. अमेरिकेचा रिक रूफस, थायलंडचा चांगपुएक. अमेरिकी फुल कॉन्टॅक्टमध्ये कमरेखाली लाथ चालत नसे. या लढतीत चालणार होती. रूफसने पहिल्याच फेरीत थाई खेळाडूचा जबडा मोडला. चांगपुएक तरीही पुढे येत राहिला आणि रूफसच्या पुढच्या मांडीवर लाथा घालत राहिला. आडवा, लांब पवित्रा, पुढच्या पायावर भार, तो पाय वेळेवर उचलायची सवय नाही. जी ठेवण वॉलेसच्या नियमांत तटबंदी होती तीच इथे उघडं दार ठरली. काही फेऱ्यांनंतर रूफसला उभं राहवेना आणि लढत थांबवावी लागली. त्यानंतर जगभरच्या किकबॉक्सरनी छाती थोडी समोर वळवली, दोन पायांतलं अंतर कमी केलं आणि नडगीवर लाथ अडवायला पुढचा पाय हलका ठेवायला सुरुवात केली. १९९३ मध्ये जपानात के-वन ही किकबॉक्सिंगची स्पर्धा सुरू झाली तेव्हा ही उभं राहण्याची पद्धत रुळली होती.

पाय बदलतात ते असे, नियम बदलल्यावर. बॉक्सिंगचंच बघा. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी बॉक्सर रॉय जोन्सला उघड-उघड जिंकलेल्या लढतीत पराभूत ठरवल्यानंतर ओरड झाली आणि १९९२ पासून संगणकावर गुण द्यायची पद्धत आली. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. म्हणजे ठोसा पंचांना स्वच्छ दिसला पाहिजे. साहजिकच लांबून एक सरळ ठोसा टेकवायचा आणि निघून जायचं, असा खेळ वाढला. २०१३ पासून ती पद्धत गेली, पुरुषांचं शिरस्त्राणही गेलं, आणि पुन्हा जवळ जाऊन झुंजणाऱ्याला किंमत आली. तायक्वांदोत २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून छातीच्या कवचातच गुण मोजणारी यंत्रणा बसली आणि खेळाडू पुढचा पाय हवेत धरून एका पायावर उड्या मारू लागले. ते बघायला चांगलं दिसत नाही हे माझं मत. पण गुण त्यालाच मिळतात.

आपल्याकडे पाय कुठे जिवंत राहिले, तर कबड्डी आणि खो-खोत. मी तर म्हणेन, विदर्भातल्या पोरांना टप्प्याचं खरं शिक्षण देणारे गुरू हेच. पुरुषांच्या कबड्डीत मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर. मैदानात सहा किंवा जास्त बचावपटू असताना चढाई करणाऱ्याचं एक पाऊल बोनस रेषेपलीकडे पडलं पाहिजे आणि तेव्हा दुसरं हवेत पाहिजे. हे पाऊल टाकताना शरीराचा भार मागेच ठेवावा लागतो, कारण पुढे झुकलात की घोटा पकडला जातो. किकबॉक्सिंगमध्ये पुढच्या पायाची ढकललाथ शिकवताना हेच सांगायला महिने लागतात. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एका बाजूला खांदा वळवला की त्याची दिशा ठरली, त्याला उलटं फिरता येत नाही. म्हणून पळणारा सारखा हूल देतो, त्याला चुकीच्या बाजूला खांदा वळवायला लावतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे.

मध्यंतरी हे खेळही मातीवरून मॅटवर गेले, कुस्ती तर आधीच गेली होती. मातीत पाय रुततो, मॅटवर झटकन फिरतो. बूट आल्यावर तर आणखीच. त्यामुळे कबड्डीच्या पोराला आज किकबॉक्सिंगच्या मॅटवर आणलं तर त्याला नवीन वाटत नाही. वर्गात मी हे अनेकदा पाहिलं आहे. ज्याने दोन हंगाम कबड्डी खेळली आहे तो समोरच्याचा पाय उचलला जायच्या आत अर्धं पाऊल मागे गेलेला असतो. ज्याने फक्त रांगेत काता, म्हणजे कराटेच्या ठरलेल्या हालचाली, केल्या आहेत तो लाथ येताना डोळे मिटतो आणि जागेवरच हात आडवे धरतो.

त्याला सुधारायचं कसं, यात काही गुपित नाही. मॅट नसेल तर अंगणात फक्कीची रेघ मारली तरी चालते. रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय, खांद्याएवढं अंतर. पुढे जायचं तर आधी पुढचा पाय, मागे जायचं तर आधी मागचा, डावीकडे तर आधी डावा. पाय एकमेकांजवळ येता कामा नयेत आणि कात्रीसारखे तर मुळीच नाही, कारण त्या क्षणी साधा धक्काही माणसाला पाडतो. मग जोडी लावायची. दोघांच्या छातीमध्ये हातभर काठी, हात न लावता, नुसत्या दाबाने धरलेली. एक हवं तसं पुढे-मागे, आजूबाजूला सरकणार, दुसऱ्याने काठी पडू द्यायची नाही. पहिल्या दिवशी ती क्षणाक्षणाला पडते. आठवडाभरात पोरं समोरच्याच्या पायाकडे बघणं सोडून त्याच्या छातीकडे बघू लागतात, आणि काठी टिकायला लागते. त्यानंतर काठी काढून टाकायची आणि एकाला फक्त ढकललाथ, दुसऱ्याला फक्त सरळ ठोसा एवढीच मुभा द्यायची. ठोसेवाल्याला आत यावंच लागतं, लाथवाल्याला त्याला बाहेर ठेवावंच लागतं. सरळ रेषेत मागे पळत सुटणारा रिंगणाच्या दोरीला जाऊन टेकतो; तिरपं पाऊल टाकणारा सुटतो. हे सांगून कळत नाही, दोनदा दोरीला टेकल्यावर कळतं.

जुन्या पवित्र्यांत आणि यात मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. फरक आहे तो समोर जिवंत माणूस असण्याचा. आखाडा मिरवणुकीत गेला तेव्हा समोरचा माणूस गेला, कराटेच्या रांगेत तो आलाच नाही, आणि किकबॉक्सिंगने तो परत आणून उभा केला. या खेळाचं माझ्या लेखी हेच मोठं काम.

पन्नास वर्षांनी चित्र बरं आहे. किकबॉक्सिंगच्या वाको या जागतिक संघटनेला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. त्याच वर्षी नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमध्ये जागतिक युवा बॉक्सिंगचं सुवर्णपदक आणलं, तेव्हापासून इकडच्या मुलींचे आईबापही चौकशीला येतात. त्यांना एकच विनंती. फी किती आणि पट्टा कधी हे विचारण्याआधी वर्गाच्या कडेला अर्धा तास उभे राहा. पोरांच्या हातांकडे बघू नका, पायांकडे बघा. पाय हलत असतील आणि प्रत्येकासमोर कुणीतरी उभं असेल, तर नाव घाला. नुसती रांगच दिसली, तर त्या पोरीला आधी दोन वर्षं कबड्डी खेळू द्या.