अर्धी बाटली
घरातलं यंत्रशास्त्र : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण बरणीच्या आट्यांपाशी थांबलो होतो. झाकणाला आटे असले की काम सोपं असतं, फिरवलं की बसलं. पण झाकण हरवलेल्या, फुटलेल्या किंवा मुळात आटेच नसलेल्या बाटलीचं काय? तिला लागतं बूच, आणि तेही रोज काढता-घालता येईल असं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या एखाद्या घरातलं फडताळ डोळ्यांपुढे आणा. एका शिशीत घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल आहे आणि तिच्या तोंडात चिंधीचा बोळा आहे. दुसरीत कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेला रानातला मध आहे. तिसरी कोल्ड्रिंकची, पाहुणे गेल्यावर अर्धी उरलेली. तिघींना बूच हवंय, पण तिघींचं दुखणं वेगळं आहे. तेलाला बाहेरची हवा नको, कोल्ड्रिंकला आतला वायू जायला नको आणि मधाला पावसाळी दमट हवा नको.

आधी बुचाकडे पाहू. खरा कॉर्क म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. जगातला जवळपास निम्मा कॉर्क पोर्तुगालमधून येतो, आणि एकदा सोललेल्या झाडाला पुन्हा हात लावायला नऊ वर्षं थांबावं लागतं. रॉबर्ट हूकनं १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली याच सालीचा काप धरला. त्याला बारीक बारीक खोल्या दिसल्या. त्यांना त्यानं जे नाव दिलं, त्यालाच आज आपण पेशी म्हणतो. आपल्याकडे लांब दांड्याची पांढरी सुवासिक फुलं देणाऱ्या झाडाला ‘बुचाचं झाड’ म्हणतात, तेही त्याच्या सालीचा हलक्या प्रतीचं बूच होत असे म्हणून.

कॉर्कच्या या खोल्यांत हवा कोंडलेली असते. म्हणून कॉर्क एका बाजूनं दाबला तर तो आत जातो, दुसऱ्या बाजूनं फुगत नाही. वाइनच्या कारखान्यात साधारण २४ मिलिमीटर जाडीचा कॉर्क यंत्रानं आवळून साडेअठरा मिलिमीटरच्या तोंडात बसवतात. आत गेला की तो पुन्हा फुगू पाहतो आणि काचेला घट्ट धरून राहतो. पण हाच कॉर्क उपसून काढल्यावर अंगठ्यानं परत बसवून पाहा. तो मोकळा होऊन फुगलेला असतो, आत जातच नाही. पहिलं बूच यंत्राच्या जोरासाठी घडवलेलं असतं, दुसरं अंगठ्याच्या जोरासाठी घडवावं लागतं. पुन्हा पुन्हा वापरायच्या बुचाची सगळी कारागिरी या फरकात आहे.

रबराचा स्वभाव याच्या उलट. खोडरबर उभं धरून वरून दाबा, त्याचं पोट बाजूला सुटतं. रबर आकार बदलतं, आकारमान सोडत नाही. त्यामुळे रबराचा सरळ दट्ट्या बाटलीत ढकलला की तो आडवा फुगून मध्येच अडतो. यावर तीन तोडगे निघाले. एक, बूच निमुळतं करायचं. दुसरा, अंगाला पातळ गोल कडा ठेवायच्या. त्या वाकून आत जातात आणि काचेला चिकटून बसतात. तिसरा तोडगा मला सगळ्यांत आवडतो. रबराची सैल नळी बाटलीच्या तोंडात अलगद सोडायची आणि वरची कळ आडवी पाडून ती उभी आवळायची. नळीचं पोट सुटतं आणि तोंड बंद. जी खोड आडवी येत होती तिलाच कामाला लावलं.

आता कोल्ड्रिंकची बाटली. वायू धरून ठेवण्याची जुनी युक्ती गोटी सोड्यात आहे. लंडनच्या हायरम कॉडनं १८७२ साली गळ्यात काचेची गोटी असलेल्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतला वायू गोटीला वर, रबराच्या कड्यावर दाबतो. वायूचा जोर जितका जास्त, तितकं बूच घट्ट. पण गोटी एकदा आत ढकलली आणि वायू फस्सकन निघून गेला की तिला वर धरणारं कोणी उरत नाही. ती बाटली पुन्हा भरण्यासाठी आहे, अर्धी ठेवण्यासाठी नाही.

अर्ध्या बाटलीचं खरं दुखणं बुचात नसून बुचाखालच्या रिकाम्या जागेत आहे. समजा, बूच अगदी पक्कं आहे, कणभरही गळत नाही. तरी पेयातला वायू वरच्या मोकळ्या जागेत येतो आणि दोन्हीकडचा हिशेब जुळेपर्यंत येतच राहतो. बाटली निम्मी भरलेली आणि तापमान २५ अंश असेल, तर उरलेल्या वायूतला निम्म्याहून थोडा जास्त वायू वर जाऊन बसतो. मग आपण पुन्हा झाकण उघडतो आणि तो हवेत सोडून देतो. गार पेय वायू जास्त धरतं, म्हणून फ्रिजमध्ये हे नुकसान कमी होतं. वैशाखात पारा चाळिशीपार असताना ओट्यावर ठेवलेल्या बाटलीची आशा सोडावी.

काही जण प्लास्टिकची बाटली चेपून, हवा काढून झाकण लावतात. तेल असेल तर ही युक्ती उत्तम. कोल्ड्रिंकला मात्र ती उलटी पडते. पेयातला वायू सुटत जातो, चेपलेली बाटली पुन्हा फुगते, आणि त्या फुगण्यालाही पेयातलाच वायू खर्ची पडतो. पंपानं हवा भरणारी बुचंही मिळतात. बाटली टणक लागते, पण आत भरली ती साधी हवा. पेयातला वायू फक्त आपल्या जातीच्या वायूचा दाब मोजतो, बाकी हवेशी त्याला घेणंदेणं नाही.

जवसाच्या तेलाची गोष्ट अशीच, फक्त उलट्या दिशेनं. या तेलातली निम्म्याहून अधिक स्निग्धाम्लं अशी असतात, की ती ऑक्सिजनला लगेच पकडतात. म्हणून तर चित्रकार रंगात जवसाचं तेल घालतात. ते हवा खाऊन वाळतं आणि त्याचा कडक पापुद्रा होतो. फडताळातला चिंधीचा बोळा हातात घेऊन पाहा. वरून पिवळा, चिकट, कडेनं वार्निश लावल्यासारखा ताठ. धाग्याधाग्यावर तेलाचा पातळ थर आणि चोहीकडे हवा, म्हणजे खवट व्हायला याहून सोयीची जागा नाही. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग तर आपोआप पेटूही शकतो. तेव्हा या शिशीला बोळा नको.

आणि बूच चांगलं लावलं म्हणून भागत नाही. लिटरभराच्या बाटलीत अर्धं तेल उरलं असेल, तर वर अर्धा लिटर हवा आहे. तिचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर. पक्कं बूच त्याला बाहेर जाऊ देत नाही, तेलाबरोबर आत कोंडून ठेवतं. दर वेळी उघडलं की ताजा साठा. इथे शहाणपण एकच : तेल कमी होत जाईल तशी शिशी लहान करत जावी, तोंडाशी भरावी आणि अंधारात ठेवावी.

मधाला हवेपेक्षा हवेतल्या पाण्याची भीती. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. उघड्या गोणीत पावसाळ्यात गाठी कशा होतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मधही तसाच ओल ओढतो. त्यातलं पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबू लागतो आणि वायू सुटतो. फेस दिसला तर बूच घट्ट ठोकू नका, नाहीतर एका दुपारी ते छताला लागेल किंवा शिशी फुटेल. झाकण सैल करून मध फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

एका बुचाला मात्र घरात जागा नाही : फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही. रबर आणि प्लास्टिक औषध शोषून घेतात, ते धुऊन जात नाही. माप जुळलं तरी ते बूच आणि ती बाटली खाण्यापिण्याच्या वस्तूला लावायची नाही.

या आठवड्याचा प्रयोग सोपा आहे. तुमच्या घरचं बूच प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला लावा. पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी ती बादलीत आडवी बुडवून दाबा. बुडबुडे आले तर बूच बदला. नाही आले, तर शिशी बदलायची गरज आहे का तेवढं बघा. पुढच्या भागात दाबाचीच गोष्ट, पण चुलीवरची : कुकरची शिट्टी.