म्हाताऱ्या मायच्या हातावर वळ, दवाखान्यात विचारणार कोण?

हिंगणा : म्हातारी माय दवाखान्यात येते, हातावर वळ. सोबतचे सांगतात, "न्हाणीत पडली." मलमपट्टी होते अन् माय त्याच घरी परतते.

ज्येष्ठांसाठी २००७ चा निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्याच्या कलम २० मध्ये सरकारी दवाखान्यात वेगळी रांग अन् शक्यतो खाट द्यायला सांगितलं आहे. पण छळाचा संशय आला तर डॉक्टर, नर्स किंवा आशाताईंनी काय करायचं, ते त्यात नाही. म्हणून प्रत्येक दवाखान्याने स्वतःचा नियम लिहून ठेवायला हवा : घरच्यांना बाहेर थांबवून रुग्णाला एकट्याने विचारायचं, जखमेची नोंद करायची, मदत कुठे मिळते ते सांगायचं.

तोवर काय करता येतं?

• हेल्पलाइन १४५६७ वर फोन करा, मोफत आहे.
• उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (एसडीओ) निर्वाहासाठी अर्ज करा. महिना १० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते.
• पोरांच्या नावे शेत बक्षीसपत्र करताना 'सांभाळ करीन' ही अट लिहून घ्या. सांभाळलं नाही, तर त्याच अधिकाऱ्यांकडे ते रद्द करून मागता येतं.
• ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.